रस्ते पुन्हा खोदण्याआधी डक्टचा निर्णय घ्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

पावसाळा ओसरला की कोल्हापूर शहरात रस्त्यांची कामे निघतात आणि त्यांच्या मागोमाग, नवे डांबर पुरते बसण्याआधीच, केबलसाठी चर खणले जातात, हा क्रम आपल्या वाचकांना नवा नाही. या खोदाईविषयी तक्रारी पुष्कळ छापून येतात. परंतु चर्चा खड्डे आणि ठेकेदार यांच्यापाशीच थांबते. त्या चरात काय पुरले जाते, ते कोणाच्या मालकीचे असते आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तेथून कोणाला वाट मिळणार आहे, याचा विचार महापालिकेच्या सभागृहातही झाल्याचे दिसत नाही. दूरसंचार क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या नागरिकाच्या नात्याने माझे स्पष्ट मत आहे की, घराघरांतील इंटरनेटचे भवितव्य या चरात ठरते. म्हणून रस्त्याखालील केबलचे डक्ट, म्हणजे ज्यांतून केबल ओढता येते अशा पोकळ नळ्या, महापालिकेने रस्त्याइतकेच सार्वजनिक मानावेत, रस्ता करतानाच ते टाकावेत, स्वतःच्या ताब्यात ठेवावेत आणि लहानमोठ्या सर्व कंपन्यांना सारख्या दराने वापरू द्यावेत.

यामागचे तांत्रिक कारण थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून मिळणाऱ्या इंटरनेटला अंतराची मर्यादा होती. एक्स्चेंजपासून घर जसजसे लांब, तसतसा वेग घसरत जाई आणि चार-पाच किलोमीटरवर तर सेवा नावापुरतीच उरे. फायबरच्या काचतंतूला ही अडचण जवळपास नाही. आज आपल्या घरी येणारे फायबर बहुतांशी जीपॉन या पद्धतीने चालते. एक्स्चेंजमधून निघालेल्या एकाच तंतूतून सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट माहिती घरांकडे येते आणि १.२५ गिगाबिट परत जाते. वाटेत स्प्लिटर नावाच्या, वीज न लागणाऱ्या एका छोट्या भागातून तो प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो आणि २० किलोमीटरपर्यंत सहज पोहोचतो. याच तंतूवर निराळ्या तरंगलांबीचा प्रकाश सोडून दोन्ही दिशांना १० गिगाबिट देणाऱ्या एक्सजीएस-पॉन पद्धतीचे मानक २०१६ मध्ये आले, तर ५० गिगाबिटच्या पद्धतीचे मानक २०२१ मध्ये ठरले. दोन्ही टोकांची यंत्रे दर दहा वर्षांनी बदलतील, जुने ग्राहक जुन्या पद्धतीवर आणि नवे ग्राहक नव्या पद्धतीवर एकाच तंतूवरून नांदतील. जमिनीतली काच मात्र तीच राहील. शिवाय अशा जाळ्याच्या खर्चात तंतूच्या किमतीपेक्षा खोदकाम, परवानगी आणि रस्ता पूर्ववत करणे यांचाच वाटा मोठा असतो. हाच खर्च प्रत्येक कंपनीने त्याच रस्त्यावर वेगळा करायचा आणि तो शेवटी ग्राहकाच्या बिलातून आणि नागरिकाच्या मणक्यातून वसूल व्हायचा, ही व्यवस्था कोणत्याही बाजूने शहाणपणाची नाही.

ज्या कंपन्यांना खोदाई परवडत नाही त्या वरून तारा नेतात. महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीच्या कोणत्याही गल्लीत मान वर करून पाहिले, तर महावितरणच्या खांबांवरून, झाडांवरून आणि गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या काळ्या तारांचे जंजाळ दिसते. त्यांतली चालू कोणती आणि मेलेली कोणती, हे ती ओढणाऱ्या मुलांनाही ठाऊक नसते. विसर्जन मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी या तारा बांबूने उचलल्या जातात आणि उचलल्या गेल्या नाहीत तर सरळ कापल्या जातात. तुटलेली तार जोडली की सेवा पूर्ववत झाली, असे ग्राहकाला वाटते. पण जीपॉनच्या प्रचलित वर्गात प्रकाशाची एकूण घट २८ डेसिबलच्या (डेसिबल हे अशी घट मोजण्याचे एकक) आत ठेवावी लागते आणि त्यातली १६-१७ डेसिबल ३२ घरांचा स्प्लिटरच खातो. उरलेल्यात अंतर, जॉइंट आणि वळणे बसवायची असतात. घाईत केलेला प्रत्येक जॉइंट आणि खिळ्याला अडकवून दिलेले प्रत्येक तंग वळण त्या शिलकीतून काहीतरी काढून घेते, आणि मग एके दिवशी घरातल्या यंत्रावर लाल दिवा लागतो. कागदावर १०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणाऱ्या ग्राहकाला सेवा का खंडित होते याचे उत्तर पुष्कळदा या लोंबत्या तारांत असते.

हे असे का झाले, याचे एक कारण वीस वर्षांपूर्वीच्या निर्णयात आहे. २००४ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सरकारी कंपन्यांची घरोघरी पोहोचलेली तांब्याची तार इतर सेवादात्यांनाही भाड्याने वापरू द्यावी अशी शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ती बंधनकारक केली गेली नाही. परस्पर व्यापारी करारांवर सोपवली गेली, आणि असे करार व्हावेत अशी परिस्थिती नव्हती. धोरणाने २०१० पर्यंत २ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात २०१० अखेर ती संख्या सव्वा कोटीपर्यंतही गेली नाही. नव्या कंपन्यांना आपापली तार ओढण्यावाचून पर्याय उरला नाही आणि पुढे मोबाइलने सगळ्यांचे लक्ष वेधून घेतल्यावर स्थिर जोडणीचा विषय मागे पडला. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने २०२२ पर्यंत निम्म्या घरांत स्थिर ब्रॉडबँड पोहोचवण्याचे लक्ष्य ठेवले. २०११ च्या जनगणनेत देशात जवळपास २५ कोटी घरे मोजली गेली होती आणि २०२४ अखेर वायरच्या ब्रॉडबँड जोडण्या, कार्यालये व दुकाने धरूनही, ४ कोटींच्या थोड्याच वर होत्या. या एका तुलनेवरून लक्ष्य किती दूर राहिले ते कळते. तेव्हाच्या एकूण ९४ कोटींच्या घरातील ब्रॉडबँड ग्राहकांपैकी उरलेले सारे मोबाइल किंवा अन्य बिनतारी सेवेवर होते. ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची व्याख्याही जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएसवर अडकली होती. तेव्हा ती २ एमबीपीएस झाली. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याने स्थिर जोडणीचा डाउनलोड वेग ६३.५५ वरून २०३० पर्यंत १०० एमबीपीएसवर नेण्याचे ठरवले आहे.

या उद्दिष्टात केवळ डाउनलोड मोजला जातो, हे मला खटकते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून पॅटर्नचे त्रिमिती आराखडे ग्राहकाकडे पाठवायचे असतात, रुग्णालयातून सीटी स्कॅनच्या फाइल दुसऱ्या डॉक्टरकडे जायच्या असतात. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले आहे. सहा जिल्ह्यांतील वकिलांना ई-फायलिंगसाठी हजारो पानांची कागदपत्रे वर चढवावी लागतात आणि दूरदृश्य सुनावणीत आपला आवाज व चित्र अखंड पाठवावे लागते. या सगळ्यांना लागतो तो अपलोड. सिनेमे पाहण्यासाठी आखलेले जाळे आणि काम करण्यासाठी आखलेले जाळे यांत फरक पडतो तो इथे.

माझ्या मताविरुद्ध पहिला आक्षेप असा येईल की, आता फाइव्ह-जी वरून घरी इंटरनेट देणाऱ्या सेवा २०२३ पासून सुरू झाल्या आहेत, उपग्रहावरून सेवा देणाऱ्या स्टारलिंकलाही २०२५ मध्ये परवाना मिळाला आहे, मग जमीन खोदायचीच कशाला? या सेवा उपयोगी आहेत हे मी नाकारत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा फायबर न पोहोचलेल्या उपनगरातील घराला फाइव्ह-जीची पेटी दोन दिवसांत मिळते. शाहूवाडी किंवा चंदगड तालुक्यातील डोंगरातल्या एकट्या वाडीला उपग्रहाइतका सोयीचा मार्ग दुसरा नाही. पण रेडिओ लहरींची क्षमता एका टॉवरखालच्या सर्वांत वाटली जाते, आणि घरातील दूरचित्रवाणी, कॅमेरे व संगणक मिळून एका मोबाइलच्या कित्येक पट वापर करतात. वर्गणीदार वाढले की संध्याकाळी वेग पडतो. तो वाढवायचा तर टॉवर दाट करावे लागतात आणि त्या प्रत्येक टॉवरला शेवटी फायबरच लागते. २६ गिगाहर्ट्झसारख्या उच्च लहरींना मुसळधार पाऊस आणि झाडांची दाट पाने अडथळा करतात. गगनबावडा-राधानगरीच्या पावसाची ओळख करून देण्याची आपल्या वाचकांना गरज नाही. उपग्रहाच्या लहरींनाही तोच पाऊस लागतो. बिनतारी सेवा फायबरला पूरक ठरते, आणि ज्या शहरात डक्ट तयार आहेत तेथे ती अधिक चांगली चालते.

पुराचा मुद्दा यालाच जोडून येतो आणि कोल्हापूरकरांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, नागाळा पार्कचा भाग पाण्यात राहिला आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. अशा वेळी वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद करावा लागतो, मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तास आणि डिझेल पोहोचेल तेवढाच वेळ चालतात, आणि नेमक्या त्याच वेळी शोध व बचाव पथकांपासून पूरग्रस्तांच्या नातलगांपर्यंत सर्वांना संपर्क हवा असतो. जुन्या तांब्याच्या केबलमध्ये पाणी शिरले की ती निकामी होई आणि ती वाळवण्यात आमचे आठवडेच्या आठवडे जात. काचतंतूला पाण्याचे तसे भय नाही. जॉइंटची पेटी नीट बंद केलेली असेल तर पाण्याखालूनही प्रकाश जातो, आणि एक्स्चेंज ते घर यांच्या दरम्यान वीज लागणारे एकही यंत्र नसते. वीज लागते ती फक्त दोन टोकांना. म्हणून एक्स्चेंज आणि वितरणाच्या पेट्या पूररेषेबाहेर, उंचीवर असल्या, तेथे पुरेशा बॅटऱ्या व जनित्र असले आणि शहरात येणाऱ्या मुख्य केबलला महामार्गाखेरीज सांगली-मिरज किंवा गडहिंग्लजच्या बाजूने दुसरी वाट असली, तर पुरातही उंचावरील घरे, रुग्णालये आणि नियंत्रण कक्ष जोडलेले राहू शकतात. हे नियोजन एकट्या कंपनीला करता येत नाही. ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आणि महापालिकेने पूररेषेच्या नकाशावर बसून करायचे काम आहे.

ग्रामीण भागाचा अनुभव शहराने डोळ्यांसमोर ठेवावा. देशातील अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११ मध्ये मंजूर केली आणि पुढे ती भारतनेट नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावापर्यंतची केबल एका रेषेत टाकली गेली. रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा एक दात लागला की त्यापुढची सगळी गावे बंद. फायबर १.६५ मीटर खोल पुरायचे असते, हे कामाच्या पुस्तकात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात ठेकेदाराने किती खोल पुरले, हे केबल तुटल्यावर कळते. २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी देताना सरकारने केबल वर्तुळाकार करण्याचे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील असे जाळे करण्याचे आणि देखभालीची वेगळी तरतूद करण्याचे ठरवले. कोल्हापूर जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. आपल्या जिल्ह्यात सहकारी दूध संस्था, विकास सोसायटी आणि पतसंस्था गावोगावी आहेत. संकलनाच्या नोंदी, उसाची बिले, कर्जाची खाती सारे संगणकावर आले आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आलेले फायबर या संस्थांपर्यंत आणि तिथून घरांपर्यंत नेण्याचे काम स्थानिक केबलचालकाला किंवा एखाद्या सहकारी संस्थेला ठरलेल्या अटींवर दिले, तर वापर वाढेल. आणि ज्या केबलवर कोणी अवलंबून असते तिच्याच देखभालीसाठी कोणी भांडते.

आता कायद्याविषयी. २०१६ मध्ये ट्रायने संकेतस्थळानुसार वेगळे दर लावण्यास मनाई केली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे जाळ्यावरील सर्व मजकुराला सारखी वागणूक देण्याचे, तत्त्व स्वीकारले. हे तत्त्व तारेतून वाहणाऱ्या माहितीपुरते राहिले. तार जिथून जाते त्या वाटेपर्यंत ते पोहोचले नव्हते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. मार्गाचा हक्क, म्हणजे एखाद्या जागेतून तार नेण्याची परवानगी, देताना भेदभाव करू नये आणि तो कोणा एकालाच देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. पायाभूत प्रकल्पांत समाईक डक्ट व केबल मार्गिका करण्यास सांगण्याचा आणि त्या सर्वांना खुल्या ठेवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. त्याखालील मार्गहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. खोदण्यापूर्वी खालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवण्यासाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आहे. शहरातील किती ठेकेदार ते वापरतात, हे महापालिकेने एकदा त्यांनाच विचारावे. परवानगी देण्याचे काम कायद्याने सोपे आणि वेगवान झाल्यामुळे स्थानिक संस्थेची जबाबदारी उलट वाढली आहे. आपली स्वतःची डक्ट नसेल तर येणाऱ्या प्रत्येक अर्जाला रस्ता खोदू देण्यापलीकडे तिच्या हाती फारसे काही उरणार नाही.

हे काम महापालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही. स्वीडनमधील स्टॉकहोम शहराने १९९४ साली स्वतःच्या मालकीची स्टोकाब ही कंपनी काढली. ती शहरभर तंतू टाकते आणि ते कोणत्याही कंपनीला भाड्याने देते, ग्राहकाला इंटरनेट मात्र स्वतः विकत नाही. सिंगापूरने राष्ट्रीय जाळे उभारताना जमिनीतले फायबर, त्यावरील यंत्रे आणि ग्राहकसेवा हे तीन थर वेगवेगळ्या संस्थांकडे दिले. आपल्याला एवढेही करावे लागणार नाही. तंतू टाकू नका, इंटरनेट विकू नका, फक्त रस्ता करताना दोन्ही कडांना ४० मिलिमीटरचे चार-सहा एचडीपीई (टिकाऊ प्लास्टिकचे) पाइप आणि ठरावीक अंतरावर चेंबर टाका, त्यांचा नकाशा ठेवा आणि वापराचे भाडे घ्या. रस्त्याच्या एकूण खर्चात या पाइपांची किंमत किरकोळ ठरते. अमृत योजनेतील जलवाहिन्या आणि ड्रेनेजसाठी शहरातील रस्ते उकरले गेले, तेव्हा ही संधी आपण घालवली आहे.

महापालिकेवर विश्वास कसा ठेवायचा, हा दुसरा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. काळम्मावाडीचे पाणी थेट पाइपलाइनने येण्यासाठी या शहराने किती वाट पाहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. डक्टची मालकी पालिकेकडे आली आणि तिने भाडे अवाच्या सवा लावले किंवा एकाच बड्या कंपनीला सगळे पाइप दीर्घ करारावर देऊन टाकले, तर आजच्यापेक्षा वाईट अवस्था होईल. रस्त्यांचा करार कसा करू नये याचा धडा कोल्हापूरने टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरून गिरवलेला आहे. म्हणून डक्टचे दर खर्च व देखभाल भागेल एवढेच असावेत, ते संकेतस्थळावर जाहीर असावेत, कोणत्याही एका कंपनीला एका मार्गावरील ठरावीक वाट्यापेक्षा जास्त जागा मिळू नये, घेतलेली जागा वर्षभर रिकामी ठेवल्यास ती काढून घेतली जावी आणि प्रत्येक करार कोणालाही वाचता यावा. छोट्या केबलचालकांसाठी निदान एक पाइप राखून ठेवावा असेही मी सुचवीन. रात्री साडेदहाला फोन उचलणारा आणि शिडी घेऊन येणारा माणूस बहुधा तोच असतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत तो टिकायचा तर त्याला खोदाईच्या खर्चातून सोडवणे हाच उपाय आहे. डक्ट तयार झालेल्या रस्त्यावर सहा महिन्यांची मुदत देऊन वरच्या तारा उतरवून घ्याव्यात; आधी तारा कापायच्या आणि मग पर्याय शोधायचा, असा उलटा कारभार नको.

नव्या इमारतींबाबतही एक वाक्य. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम केले आहेत. बांधकाम परवानगी देताना नगररचना विभागाने प्रत्येक मजल्यापर्यंत मोकळी केबलनळी आणि एकाहून अधिक सेवादात्यांना प्रवेश यांची अट घातली, तर बांधकाम व्यावसायिकाने एकाच कंपनीशी संधान बांधून रहिवाशांना तिच्या दावणीला बांधण्याचे प्रकार थांबतील.

येत्या हंगामातील रस्त्यांच्या निविदा निघण्यापूर्वी महापालिका आयुक्तांनी तीन गोष्टी कराव्यात, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. महामंडळे, महावितरण, बीएसएनएल आणि खासगी कंपन्या यांच्याकडून जमिनीखालील विद्यमान वाहिन्यांचे नकाशे मागवून ते एकत्र करावेत. रस्त्याच्या अंदाजपत्रकात डक्ट व चेंबर ही बाब समाविष्ट करून तिच्या खोलीची मोजणी चर बुजवण्यापूर्वी, छायाचित्रासह, व्हावी. आणि पूररेषेच्या आत असलेल्या एक्स्चेंज व वितरण पेट्यांची यादी संबंधित कंपन्यांकडून लेखी घेऊन ती पुढच्या जूनपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे सादर करावी, म्हणजे कोणती पेटी किती फूट उंच उचलायची आणि तो खर्च कोणी करायचा, हे पाणी येण्याच्या आधी ठरेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता,
शाहूपुरी, कोल्हापूर